आकडीवाली मिलुंका

आमच्या गावात, लेस्कोवात, सकाळचे सहा वाजले हे घड्याळ नाही सांगत, मिलुंकाकाकू सांगते. ती पाणचक्कीकडून पुलावर आली की सहा. खांद्यावर दोन पुरुष लांबीची आकडी, टोकाला लोखंडाचा वाकडा दात. पायात पुरुषी रबरी बूट. आकडी नवऱ्याची, बूटही नवऱ्याचेच. बूट मोठे होतात म्हणून आत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड.

पाणचक्कीपासून पुलापर्यंत आमची बेलुशा नदी दीड किलोमीटर वाहते. या दीड किलोमीटरात अठ्ठावीस वर्षं एक फांदी पडून राहिली नाही. वाळुंजाची काटकी असो, नाहीतर वादळात उन्मळलेला अख्खा बुंधा, काकू आकडी लावणार, ओढणार, काठावर घेणार. जड असलं तर दोर बांधून शेजाऱ्याचा बैल मागणार. वाळलेलं लाकूड शाळेच्या शेगडीला आणि गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना. स्वतःच्या चुलीत मात्र तिने नदीचं लाकूड कधी घातलं नाही. नगरपालिकेने तिला एकदा भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं होतं, 'स्वच्छ नदीसाठी'. तिने ते शाळेला देऊन टाकलं. म्हणाली, "मला वेळ बघून काय करायचंय?"

या सगळ्यामागचं कारण गावाला माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नसे. चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात डोंगरावर ढग फुटला. तेव्हा पूल लाकडाचा होता. वरून आलेली झाडं पुलाला अडली, पाणी तुंबलं, आणि तिचा नवरा वितोमिर हीच आकडी घेऊन पुलावर चढला. एक बुंधा सुटला की सगळं सुटेल असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर होता. सगळं सुटलं, पूलही सुटला. आकडी दुसऱ्या दिवशी सापडली. वितोमिर तिसऱ्या दिवशी, खाली वळणावर, त्याच लाकडांच्या ढिगाखाली. काकू तेव्हा सदतीस वर्षांची होती, पोरबाळ नाही. चाळिसाव्या दिवसाचं कार्य झालं आणि एकेचाळिसाव्या दिवशी ती आकडी घेऊन नदीवर उतरली.

आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो; त्या घराचा म्हणजे संत निकोला, पाण्यावरच्या माणसांचा रखवालदार. डिसेंबरात त्याचा दिवस येतो तेव्हा उपास असतो, मांस चालत नाही, म्हणून पानात मासा लागतो. वितोमिर होता तोवर ताटात बेलुशाचा ट्राउट असायचा, लाल ठिपक्यांचा, मक्याच्या पिठात घोळून तळलेला. नंतर नदीतला मासा कमी कमी होत गेला. काकू शहरातून तळ्यातला कार्प आणायला लागली. मला एकदा वाढता वाढता म्हणाली, "रादेन्को, तू एवढा नदी नदी करत फिरतोस. मला एक सांग. एवढी आरशासारखी नदी ठेवलीय मी, मग मासा का जातो रे?"

मी छाती काढून सांगितलं, "काकू, सॉ मिल! भुसा सोडतो तो हरामखोर पाण्यात."

तिने मान डोलावली आणि मला दुसरा तुकडा वाढला.

मी काही शिकलेला माणूस नाही. बसडेपोत एकवीस वर्षं ब्रेक दुरुस्त केले. पण पुस्तकं वाचली, कायदा पाठ केला, सॉ मिलच्या दारात आडवा पडलो, जाळं टाकणाऱ्यांच्या मोटरसायकलींची हवा सोडली. भुसा बंद झाला, जाळी बंद झाली. ट्राउट काही परत आला नाही. तेव्हा मी राजधानीतल्या विद्यापीठाला इतकी पत्रं लिहिली की शेवटी वैतागून त्यांनी एक बाई पाठवल्या, तेओदोरा नावाच्या. पाठीवर बॅटरीची पेटी, हातात काठी. पाण्यात हलकासा विजेचा झटका दिला की मासा क्षणभर गुंगतो, तो मोजायचा आणि परत सोडायचा.

पाणचक्कीच्या वर घळ आहे. तिथे पायवाट नाही, काकू तिथे जाऊ शकत नाही. त्या घळीतल्या शंभर मीटरांत बाईंना एकेचाळीस ट्राउट मिळाले. चक्कीखालच्या शंभर मीटरांत तीन. परत मोजलं. पुन्हा तीन.

"इथे काय बदलतं?" बाईंनी विचारलं. "पाणी तेच आहे."

मी बघितलं. घळीत पडलेली झाडं होती, आडवीतिडवी, शेवाळलेली. त्यांच्याखाली डोह, डोहाच्या शेपटीला बारीक खडी. खाली होता नुसता दगडी पन्हाळा, पाणी सुसाट. बाई म्हणाल्या, "ट्राउट खडीत अंडी घालतो आणि लाकडाखाली लपतो. लाकूड नसलं की पाणी धावतं आणि खडी घेऊन जातं. तुमची ही नदी झाडलेल्या अंगणासारखी आहे हो. अंगणात कोण राहतं?"

मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. विचार करायला एक रात्र घ्यायला हवी होती. पण माझ्या डोक्यात काही आलं की ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला श्वास घेता येत नाही. संध्याकाळी शाळेत नदीची सभा होती. सगळं गाव आलेलं, सॉ मिलवालासुद्धा. काकू पहिल्या बाकावर, मांडीवर मक्याच्या भाकरीचं ताट, सभेनंतर वाटायला आणलेलं. मी उठलो, आकडे वाचले, आणि माझा आवाज चढला तो चढलाच.

"दहा वर्षं मी याला शिव्या घातल्या," सॉ मिलवाल्याकडे बोट करून मी म्हणालो, "आणि नदी रिकामी केली ती आपल्या कौतुकाच्या आकडीनं! आपण टाळ्या वाजवत बघत होतो!"

काकूने ताट बाकावर ठेवलं.

"म्हणजे माझ्या आकडीनं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. मला विचारत नव्हती, वाक्य नीट करत होती. मग ती उठून गेली. भाकरीला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुलावर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

हिवाळा गेला. नदीत पुन्हा लाकूड आणि खडी घालायचा आराखडा झाला. बाईंनी नकाशा काढला. सॉ मिलवाल्याने फरचे बारा बुंधे मुळांसकट द्यायचं कबूल केलं. इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या त्याने, आणि वर बुंधेही मी त्याच्याकडूनच घेतले. शहरातल्या गळवाल्यांच्या मंडळाने खडीचे ट्रक दिले. उरली माणसं. ऑगस्टात पाणी उतरलं तेव्हा मी मोबा पुकारला. आमच्याकडे एका घराचं काम अख्खं गाव मिळून करतं, त्याला मोबा म्हणतात. गवत कापणं, छप्पर घालणं, काहीही. मी गावातल्या खांबाखांबाला कागद चिकटवले, फोनवरून हाका घातल्या. रविवारी सकाळी आले सहा जण. सहाही शहरातले. त्यांच्यातल्या एकाने तर पांढरे बूट घातले होते.

आणि गाव? गाव पुलाच्या कठड्यावर बसून बघत होतं.

"ओब्रादकाका," मी मधमाश्या पाळणाऱ्या म्हाताऱ्याला ओरडून विचारलं, "खाली उतरायला काय मुहूर्त लागतो का?"

"आमंत्रण लागतं," तो म्हणाला.

"गावभर कागद लावलेत!"

"कागद खांबाला लावलेस. खांब आलाय बघ, उभा आहे तिथे." सगळे हसले. मग म्हातारा उतरून माझ्याजवळ आला. "अरे बाबा, मोबा ज्याचं काम असतं तो बोलावतो. दारात येऊन, हातात दारूचा बुधला घेऊन. आम्ही घोट घेतला म्हणजे शब्द दिला. मग तो घरधनी आम्हाला जेवू घालतो. हे काम कुणाचं आहे?"

"नदीचं! माशांचं!"

"मासा काही माझ्या दारात आला नाही."

"मग माझं समज."

"तुझं?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या कानशिलांत आग झाली. "अठ्ठावीस वर्षं या नदीत रोज कोण उतरलं? ती नदीची घरधनीण. तिच्या घरात तिला न विचारता आम्ही लाकडं टाकायची? तिचा माणूस ज्या लाकडांनी..." पुढचं त्याने गिळलं. "तू सभेत थोबाड चालवलंस, आता पाय चालव."

चार दिवस मी चिडून घरात बसलो. कुणाकुणाला काय सुनवायचं ते मनात जुळवत होतो. पाचव्या दिवशी गेलो.

काकू अंगणात आलुबुखार निवडत होती. आकडी गोठ्याच्या भिंतीला टेकलेली, लोखंडावर गंज धरलेला. तिने कॉफी ठेवली. कॉफी उतू गेली, ती तिने पुसली, पुन्हा ठेवली.

"काकू, माझं चुकलं."

"आकडे चुकले?"

"आकडे बरोबर आहेत. मी चुकलो."

"हं." तिने एक किडकं फळ फेकलं. "एकेचाळीस आणि तीन. रोज आठवतात. रात्री कूस बदलली की एकेचाळीस, पुन्हा बदलली की तीन." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटायचं, एक फांदी काढली म्हणजे एक माणूस वाचला. कोण ते माहीत नाही, पण कुणीतरी. अशी मी माणसं मोजायचे. आता ती बया म्हणते, मासे मोज."

"काढायला नको होती असं नाही काकू..."

"गप. समजूत घालू नकोस, तुला जमत नाही ते." तिने टोपली बाजूला सारली. "बुंधे टाकणार. पाणी चढलं आणि सुटले तर?"

"सुटणार नाहीत. लोखंडी दोरांनी बांधणार, मुळं काठात पुरणार. मी शब्द देतो."

"तुझा शब्द तुझ्याजवळ ठेव. जागा मी दाखवणार. लाकूड कुठे थांबतं ते त्या बाईच्या नकाशाला काय माहीत? अठ्ठावीस वर्षं ते जिथे जिथे अडकलं तिथून मी ते ओढलंय. दरवर्षी त्याच जागा. नदी हट्टी आहे, तुझ्यासारखी."

त्या शनिवारी काकूने वितोमिरचा लाकडी बुधला खाली काढला, आलुबुखाराची दारू भरली आणि घरोघर गेली. मी मागे मागे. प्रत्येक दारात ती एकच बोलायची, "उद्या माझा मोबा आहे. नदीत." एवढंच. लोक घोट घ्यायचे, ओठ पुसायचे, म्हणायचे, "येतो." ओब्रादने दोन घोट घेतले, एक स्वतःचा आणि एक, म्हणाला, वितोमिरचा. काकूने बुधला ओढून घेतला. "त्याचा त्याने घेतलाय," ती म्हणाली.

त्रेसष्ट माणसं आली. काकू काठाने चालत पुढे, आकडीने दाखवत. इथे. इथे नाही, दोन पावलं वर. तेओदोराबाई नकाशा घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या जागेनंतर त्यांनी नकाशा घडी घालून खिशात टाकला आणि पेन्सिल काढली. प्रत्येक बुंधा पाण्यात बसताना काकू तोंड फिरवायची. दोर आवळल्याचा आवाज आला की वळायची, जाऊन स्वतः आकडी लावायची, सगळं अंग टाकून ओढून बघायची. हलला नाही की पुढे. दुपारी तिच्या अंगणात जेवण झालं, घेवड्याची उसळ, भाकरी, मलईचं लोणी. तिने स्वतः काही खाल्लं नाही.

अकरा बसले. बाराव्यासाठी तिच्याकडे जागा नव्हती. "अकराच आहेत," ती म्हणाली. "बारावा परत ने."

मला परत न्यायचा नव्हता. पुलाच्या वरच्या अंगाला, रस्त्यावरून दिसेल असं नदीचं एक वळण आहे. बुंधा तिथे बसला असता तर येणाजाणाऱ्याला काम दिसलं असतं, पेपरवाल्याला फोटो मिळाला असता. काम दिसलं नाही तर पुढच्या वर्षी लोकांना कशाच्या जोरावर बोलावणार?

"तिथे लाकूड कधी थांबलं नाही," काकू म्हणाली.

"बांधून ठेवलं तर थांबेल."

"नाही थांबत."

"काकू, दोराला काय कळतं जागा कुठली ते?"

ती थकली होती. बाईही म्हणाल्या की जागा बरी नाही. पण मी चार माणसं घेतली आणि बारावा बसवला, दुप्पट दोर लावून. काकू त्याला आकडी लावायला आली नाही. पेपरात फोटो आला. फोटोत मी आहे.

हिवाळ्यात भरपूर बर्फ पडलं. एप्रिलात दोन दिवस गरम वारा सुटला, वर पाऊस लागला, आणि बेलुशा सकाळी सातला तपकिरी होऊन दगड बडवायला लागली. मी धावत गेलो. गाव काठावर. काकू पुलाच्या तोंडाशी, आकडी रोवून उभी. पूल आता सिमेंटचा आहे, मधे एक खांब. त्या खांबाला एक बुंधा आडवा लागला होता, मुळं वर, आणि त्याच्यावर फांद्या, गवत, कुणाच्या तरी कुंपणाच्या पट्ट्या साठत होत्या. पाणी कठड्याला लागायला हातभर उरलं होतं. बुंध्याला लोखंडी दोराचं तुटकं टोक लोंबत होतं.

माझा बारावा.

मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. लाज म्हणा, मस्ती म्हणा. एवढंच दिसत होतं की दोराचं ते टोक हाताला आलं तर काठावरून ट्रॅक्टरने ओढता येईल. मी पुलावर पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसरं टाकायच्या आत कोटाची कॉलर गळ्यात रुतली आणि मी पाठीवर आपटलो. काकूने मला आकडीने ओढलं होतं. वाळुंजाची फांदी ओढते तसं, कंबर वळवून, एका हिसक्यात. आपटल्यावरही सोडलं नाही, चिखलातून दोन हात मागे घेतलं आणि मग कॉलर हातातच धरून ठेवली.

"कुणी पुलावर जायचं नाही!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा ओरडा ऐकला. "पूल जाऊ दे! जाऊ दे म्हणते ना!"

आम्ही उभे राहिलो आणि बघत राहिलो. यापेक्षा अवघड काम मी केलेलं नाही. अर्ध्या तासाने वरच्या बाजूचा कठडा मोडला, ढीग एका अंगाला फिरला, बुंधा उभा झाला आणि खांबाला घासत निघून गेला. पूल राहिला. काकूचा हात माझ्या कॉलरवर होता, तो तिने तेव्हा काढला. बोटं सरळ होत नव्हती, दुसऱ्या हाताने एकेक उघडावी लागली.

"वितोमिरच्या वेळी," ती म्हणाली, "मी पुलाच्या याच तोंडाशी होते. आकडी त्याच्या हातात होती."

पाणी उतरल्यावर मी चक्कीपर्यंत चालत गेलो. अकराच्या अकरा जागेवर. खाली डोह धरायला लागलेले, डोहांच्या शेपटीला खडी. मी मोडका कठडा महिनाभरात स्वतः उभा केला. गावाने मदत केली नाही आणि मीही दारोदार गेलो नाही.

नोव्हेंबरात बाई आल्या. सातव्या बुंध्याखाली त्यांनी आम्हाला खडीत फिकट डाग दाखवले, ताटाएवढे, धुतल्यासारखे. मादीने शेपटीने खणून अंडी घातली होती. असे नऊ डाग. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ओब्रादने टोपी काढली. काकू बराच वेळ वाकून बघत होती.

"नऊ," ती म्हणाली. "आणि अठ्ठावीस वर्षांचे किती झाले असते?"

बाई काहीतरी बोलायला गेल्या, मी त्यांचा हात धरला.

काकू पुन्हा सहाला पुलावर येते. आकडी घेऊनच. प्रत्येक बुंध्याला दात लावते, ओढून बघते, सोडते. तसे सगळे अकरा. डिसेंबरात, संत निकोलाच्या आदल्या दिवशी, मी तिच्याबरोबर होतो. वाऱ्याने पाडलेला एक वाळुंज चौथ्या आणि पाचव्या बुंध्याच्या मधे अडकला होता. कुणी बांधलेला नाही, आपला आपण येऊन थांबलेला. काकूने आकडी लावली. ओढली नाही. तशीच उभी राहिली, दांडा दोन्ही हातांत.

"सांग," ती म्हणाली. "तुला सगळं कळतं ना? हा राहील की जाईल?"

जिभेवर उत्तर होतं. जागा तिच्याच दोन बुंध्यांमधली, बुंधा अडकलेला, पाणी कमी. मी म्हणालो, "मला नाही माहीत, काकू."

तिने माझ्याकडे बघितलं, तोंडाला चव नसल्यासारखं. मग कंबर वळवून ओढला, पण अर्धाच. बुंधा काठावर, शेंडा पाण्यात. दात सोडवून घेतला आणि चालायला लागली. संताच्या दिवशी तिच्याकडे जेवायला होतो. पानात शहरातला कार्पच होता.

दुसऱ्या दिवशी वाळुंज तिथेच होता. त्याच्या पुढच्या दिवशीही. चौथ्या दिवशी सकाळी तिथे काही नव्हतं, काठावर ओढल्याची ओली रेघ होती आणि ती रेघ शाळेकडे गेली होती.

मी तिला विचारलं नाही.